न आलेल्या कॅमेऱ्याची सहा वर्षे

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आपल्या घरांतून आता क्वचितच ऐकू येते. तिचा प्रत्यय मात्र दिवसेंदिवस अधिकच येऊ लागला आहे. जी वस्तू अद्याप कारखान्याबाहेर पडलेली नाही, किंबहुना जी घडविली जात आहे की नाही याचाही पत्ता नाही, तिच्या गुणदोषांवर हिरिरीने वाद घालणारी माणसे पूर्वी विरळा होती. आज मोटार असो, मोबाइल असो की कॅमेरा असो, घ्यावयाचा बेत ठरला की घरातील कोणी ना कोणी हटकून म्हणतो, "जरा थांबा, नवे मॉडेल येणार आहे." आणि मग थांबणे सुरू होते. वस्तूच्या किमतीचा हिशेब सारेच करतात. या थांबण्याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. तो एकदा मांडून पाहावा या हेतूने आम्ही आज वाचकांपुढे एका कॅमेऱ्याची हकीकत ठेवीत आहोत. या कॅमेऱ्याचे वैशिष्ट्य असे की, त्याच्याविषयी सहा वर्षे अखंड बोलले गेले, त्याची किंमत ठरली, वजन ठरले, प्रकाशनाच्या तारखा ठरल्या, आणि तो कधी जन्मालाच आला नाही. त्याचे नाव निकॉन डी ४००.

छायाचित्रणाशी ज्यांचा संबंध लग्नमुंजीच्या अल्बमपुरताच आहे, अशा वाचकांसाठी प्रथम थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यात भिंगातून आत आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावर पडून वर वळतो आणि माथ्यावरील पंचकोनी लोलकातून फिरून डोळ्याशी पोचतो. त्यामुळे भिंगाला जे दिसते नेमके तेच छायाचित्रकाराला दिसते. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा क्षणभर उघडतो आणि चित्र टिपले जाते. पूर्वी या पडद्यामागे फिल्म असे. तिच्या जागी विजेवर चालणारा सेन्सर आला, तेव्हा त्यालाच डिजिटल एसएलआर म्हणू लागले. निकॉन ही जपानी कंपनी १९१७ साली निप्पॉन कोगाकु या नावाने सुरू झाली. १९५९ साली तिने निकॉन एफ हा एसएलआर कॅमेरा आणला आणि त्या वेळी भिंग बसविण्याची जी खाच ठरविली तीच पुढे अर्धशतकाहून अधिक काळ आपल्या एसएलआर कॅमेऱ्यांत कायम ठेवली. वडिलांचे भिंग मुलाच्या कॅमेऱ्यावर चढते, ही या कंपनीची खरी पुण्याई.

हे सेन्सर मुख्यतः दोन आकारांचे. एक जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा. त्यास निकॉन एफएक्स म्हणते. दुसरा त्याहून लहान, सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरचा, तो डीएक्स. मोठा सेन्सर अंधुक प्रकाशात सरस, हे उघड आहे. परंतु लहान सेन्सरची एक गंमत आहे. तो भिंगातून आलेल्या चित्राचा मधलाच भाग टिपतो, त्यामुळे ३०० मिलिमीटरचे भिंग त्यावर ४५० मिलिमीटरच्या भिंगाप्रमाणे दूरचे जवळ आणते. लग्नाच्या मांडवात या गोष्टीला फारसे मोल नाही. तलावाच्या मध्यभागी बसलेल्या पक्ष्याचे चित्र घेणाऱ्याला मात्र तिचे मोल विचारावे, कारण खरोखरीच तितक्या ताकदीचे मोठे भिंग घ्यावयाचे तर किंमत लाखांच्या घरात जाते आणि वजन खांदा उतरवते.

निकॉनने २३ ऑगस्ट २००७ रोजी दोन कॅमेरे एकदमच जाहीर केले. थोरला डी ३, एफएक्स सेन्सरचा, सुमारे ५००० डॉलरचा. धाकटा डी ३००, डीएक्स सेन्सरचा, सुमारे १८०० डॉलरचा. नवल असे की, नेम धरण्याची जी ५१ बिंदूंची यंत्रणा थोरल्याला दिली होती तीच धाकट्यालाही दिली. थोरल्या भावाचे डोळे धाकट्याला मिळाले, आणि तेही निम्म्याहून कमी किमतीत! पक्षी, वन्य प्राणी, खेळांची मैदाने यांत रमणाऱ्यांनी डी ३०० डोक्यावर घेतला यात आश्चर्य नाही. सेकंदाला सहा चित्रे, धूळपाण्यापासून जपलेले मजबूत धातूचे अंग, दीड लाख वेळा उघडझाप करून पारखलेला पडदा. मध्यम ऐपतीच्या हौशी माणसाला याहून अधिक काय हवे? ३० जुलै २००९ रोजी त्याचीच किंचित सुधारलेली आवृत्ती डी ३००एस आली. सेकंदाला सात चित्रे आणि चलच्चित्रणाची सोय एवढीच तिची नवलाई. येथून आमच्या हकीकतीला खरी सुरुवात होते.

या मालिकेतला डी १०० आला २००२ साली, डी २०० आला २००५ साली, डी ३०० आला २००७ साली. दोन-तीन वर्षांनी शंभराचा आकडा एकाने वाढतो, हे शेंबडे पोरही सांगेल. तेव्हा २०१० किंवा फार तर २०११ साली डी ४०० येणार, हा तर्क काही वेडगळपणाचा नव्हता. कोणी म्हणे, सेन्सर १६ दशलक्ष बिंदूंचा असेल. कोणी म्हणे, २४ दशलक्षांचा. पैज लावणाऱ्यांचा वाद 'कधी' याविषयी होता, 'येणार की नाही' याविषयी नव्हता.

येथे अंकशास्त्राचाही एक उपकथाभाग आहे, तो सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. जपानी भाषेत चार या अंकाचा एक उच्चार 'शि' असा आहे आणि मृत्यूलाही तोच शब्द. म्हणून तेथे चारचा अंक अशुभ मानतात. कॅननच्या एका लोकप्रिय मालिकेत २००२ साली जी ३ आला आणि २००३ साली थेट जी ५ आला, मधला जी ४ कधी झालाच नाही. यावरून काही पंडितांनी निष्कर्ष काढला की, निकॉनही चारला भिऊन डी ४०० हे नाव टाळील. परंतु याच निकॉनने १९८८ साली एफ ४ काढला होता आणि २००६ साली डी ४० काढून पहिलटकरांना तो विकलाही होता. तेव्हा हे अंकशास्त्र पोकळ होते हे पुरावा हाती असतानाच कळण्यासारखे होते. पण तर्काची आवड असलेल्याला पुराव्याची आवड असतेच असे नाही! पुढे सप्टेंबर २०१० मध्ये डी ९० च्या वारसाला कंपनीने डी ७००० असे चार आकडी नाव दिले, तेव्हा तर क्रमांकांचे पंचांगच कोलमडले. मग न जन्मलेल्या बाळाचे पुन्हा बारसे झाले, आणि पुढील काळात त्याला डी ९३०० असेही कोणी संबोधू लागले.

२०११ साल उजाडले ते दुर्दैव घेऊन. ११ मार्च रोजी ईशान्य जपानला भूकंप आणि त्सुनामीने तडाखा दिला. निकॉनचे उंची एसएलआर कॅमेरे बनविणारा कारखाना सेंदाईच्या परिसरातच होता. त्याचे नुकसान होऊन काम थांबले. तो पुन्हा चालू होतो न होतो तोच ऑक्टोबरमध्ये थायलंडमधील महापुराने अयुथया येथील कारखाना पाण्याखाली गेला. मध्यम आणि स्वस्त कॅमेऱ्यांचे उत्पादन तेथेच होई, डी ३००एसदेखील तेथलाच. नव्या वर्षारंभी कोठे ते यंत्रांचे आवाज पुन्हा अंशतः ऐकू येऊ लागले. हजारो कुटुंबांवर जेथे आकाश कोसळले तेथे एका कॅमेऱ्याच्या विलंबाचे दुःख ते काय. परंतु वाट पाहणाऱ्यांना येथे एक सबळ कारण सापडले. कॅमेरा तयारच आहे, पुराने अडविला आहे, अशी सर्वांनी आपली समजूत घालून घेतली. कंपनीने होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

६ जानेवारी २०१२ रोजी थोरल्या डी ३ चा वारस डी ४ जाहीर झाला. आता तर धाकट्याचे आगमन हाकेच्या अंतरावर आले असे सर्वांस वाटले. डी ३ सवे डी ३००, मग डी ४ सवे डी ४००, हे गणित इतके नीटनेटके होते की ते चुकू शकेल अशी शंकाही कोणास आली नाही. फेब्रुवारीत ३६ दशलक्ष बिंदूंचा डी ८०० आला, सप्टेंबरमध्ये जर्मनीतील कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनाच्या तोंडावर डी ६०० आला. दोन्ही एफएक्स. डी ६०० ची किंमत सुमारे २१०० डॉलर, म्हणजे डी ३००एस पेक्षा फार अधिक नव्हे. तेव्हा तर्काने कूस बदलली. कंपनीला आता सर्वांना मोठ्या सेन्सरकडे न्यावयाचे आहे, लहान सेन्सरचा उंची कॅमेरा ही कल्पनाच तिने सोडून दिली आहे, असे जाणकार सांगू लागले. या तर्कातही तथ्य होते हे आम्ही मान्य करतो. डीएक्ससाठी उत्तम भिंगे काढण्याच्या बाबतीत कंपनीने त्या वर्षांत जी उदासीनता दाखविली तिच्यावरून कोणीही हाच अर्थ काढला असता.

फेब्रुवारी २०१३ मध्ये डी ७१०० आला. त्यात ५१ बिंदूंची तीच नेम धरण्याची यंत्रणा होती, सेकंदाला सहा चित्रे होती, २४ दशलक्ष बिंदूंचा सेन्सर होता. कागदावर पाहता हाच डी ४०० म्हणावयास हरकत नव्हती. पण त्याची स्मरणाची ओंजळ फार लहान. पूर्ण प्रतीची कच्ची चित्रे भराभर घेत गेल्यास सहा-सात चित्रांतच ती भरून जाई, आणि पुढे कॅमेरा धापा टाकीत एकेक चित्र घेई. झेप घेणारा पक्षी नेमका सातव्या-आठव्या चित्रात पंख पसरतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातील जाच कळेल. ही उणीव मुद्दाम ठेविली की नाइलाजाने राहिली, हे कंपनीलाच ठाऊक. आशा धरून बसलेल्यांनी मात्र तिचा अर्थ आपल्या सोयीचा लावला: खरा डी ४०० अजून यावयाचा आहे, म्हणूनच याला पंगू ठेविले!

आमच्या परिचयातील एक गृहस्थ याच काळात वाट पाहणाऱ्यांपैकी होते. बडोद्यातील एका बँकेतून ते २०१० साली निवृत्त झाले. सारे त्यांना काका म्हणतात. आम्हीही तसेच म्हणू. नोकरीत असताना रविवारचा काय तो वेळ मिळे. निवृत्तीनंतर मनसोक्त पक्षी टिपावयाचे, हा संकल्प त्यांनी दहा वर्षे उराशी धरला होता आणि मिळालेल्या ग्रॅच्युइटीतून कॅमेऱ्यापुरती रक्कम वेगळी काढून ठेविली होती. हाती होता २००४ सालचा डी ७०, सहा दशलक्ष बिंदूंचा. डभोईजवळचा वढवाणा तलाव त्यांचे आवडते ठिकाण. विसाव्या शतकाच्या आरंभी बडोदे संस्थानाने शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव हिवाळ्यात परदेशी पाहुण्यांनी फुलून जातो. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब तेथे शेकड्यांनी उतरतात. पहाटे धुक्यात बांधावरून दोन-तीन मैल चालत जाऊन दबा धरून बसावे, तेव्हा कोठे त्यांचा थवा उठताना दिसतो.

काकांनी दुकानात जाऊन डी ३००एस हातात घेऊन पाहिला, तो २०१० च्या दिवाळीत. दुकानदार चांगली सवलत द्यावयास तयार होता. पण पुतण्याने सांगितले, "काका, चार महिने थांबा, डी ४०० येतोय." काका थांबले. पुढच्या हिवाळ्यात पूर आडवा आला. त्यापुढच्या हिवाळ्यात फोटोकिना रिकामे गेले. काकूंनी एकदा वैतागून म्हटलेही, "अहो, ते पक्षी काही तुमच्या कॅमेऱ्यासाठी थांबायचे नाहीत." काका हसले आणि आणखी थांबले. रक्कम मुदतठेवीत होती, तिच्यावर व्याज येत होते, तेव्हा थांबण्यात नुकसान कसले, असा त्यांचा बँकेच्या शिस्तीतला युक्तिवाद होता. गुडघ्यांना व्याज मिळत नाही, एवढी एकच बाब त्या हिशेबात राहून गेली. २०१४ च्या हिवाळ्यात ते बांधावर अर्ध्यापर्यंतच जाऊ शकले.

याच्या उलट, आमच्याच शहरातील एका स्टुडिओवाल्यांनी २०११ साली दुसरा डी ३००एस घेतला. नवे मॉडेल येणार हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांचे म्हणणे असे की, वैशाखातली लग्ने निकॉनच्या तारखा पाहून ठरत नाहीत. दोन हंगामांत त्या कॅमेऱ्याने आपली किंमत फेडली, चौथ्या वर्षी तो एका शिकाऊ मुलाला स्वस्तात दिला. व्यावसायिकाला हे सोपे जाते, कारण कॅमेरा ही त्याची कमाईची वस्तू. हौशी माणसाची कमाई म्हणजे त्याची चित्रे. ती कोणत्याच वहीत लिहिली जात नसल्याने बुडाली तरी कळत नाही.

पुन्हा हकीकतीकडे वळू. १५ सप्टेंबर २०१४ रोजी प्रतिस्पर्धी कॅननने आपल्या २००९ सालच्या ७डी चा वारस ७डी मार्क २ जाहीर केला. लहान सेन्सर, सेकंदाला दहा चित्रे, मजबूत अंग. म्हणजे निकॉनच्या चाहत्यांनी जे मागितले होते ते दुसऱ्याच घरी पाळण्यात खेळू लागले. आता निकॉन स्वस्थ बसणार नाही असे वाटले. मार्च २०१५ मध्ये तिने काढला तो डी ७२००. त्यात ओंजळ मोठी केली होती, बाकी बहुतेक पूर्वीचेच. येथे भल्याभल्यांनी हात टेकले. कोणी कॅननच्या घरी गेले, कोणी एफएक्स घेतला, कोणी डी ७२०० वर समाधान मानले. डी ४०० हे नाव थट्टेचा विषय झाले. नेमेचि येणाऱ्या पावसाळ्याप्रमाणे नेमाने न येणारा कॅमेरा, अशी त्याची ख्याती झाली.

आणि मग ५ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकेत लास व्हेगासच्या प्रदर्शनात निकॉनने थोरला डी ५ जाहीर केला, तेव्हा त्याच्या बोटाला धरून धाकटाही रंगमंचावर आला. नाव डी ५००. सेन्सर २०.९ दशलक्ष बिंदूंचा, सेकंदाला दहा चित्रे, नेम धरण्याचे १५३ बिंदू, तेही थोरल्याच्याच यंत्रणेचे. आणि ओंजळ इतकी मोठी की एका दमात दोनशे कच्ची चित्रे घेतली तरी भरत नाही. किंमत २००० डॉलरला पाच सेंट कमी. थोरल्या डी ५ च्या तयारीची वार्ता कंपनीने नोव्हेंबरातच स्वतः दिली होती. धाकट्याविषयी ती अवाक्षरही बोलली नव्हती. सहा वर्षे पाच महिने ज्यांनी त्याची वाट पाहिली होती त्यांतील बहुतेकांनी तोवर आशा सोडली होती, त्यामुळे त्यांच्याच लेखी तो सर्वांत अनपेक्षित ठरला. विक्री मार्चमध्ये सुरू व्हावयाची ती एप्रिलअखेरीस गेली, तेवढाही विलंब या कॅमेऱ्याच्या पत्रिकेला शोभून दिसला.

आता मागे वळून पाहता तर्क करणाऱ्यांचे चुकले कोठे? आमच्या मते त्यांची रीत चुकली नव्हती. थोरल्यासवे धाकटा येतो, हा त्यांचा सिद्धान्त शेवटी खराच ठरला. डी ३ सवे डी ३००, डी ५ सवे डी ५००. फक्त मधली एक फेरी कंपनीने गाळली. थोरल्याचे आगमन तर ऑलिंपिकच्या चार वर्षांच्या चक्राशी बांधलेले असते. बीजिंगच्या आधी डी ३, लंडनच्या आधी डी ४, रिओच्या आधी डी ५, आणि टोकियोच्या सामन्यांसाठी फेब्रुवारी २०२० मध्ये डी ६. मैदानावरील वृत्तछायाचित्रकारांच्या हाती त्या वर्षी नवे यंत्र असावे म्हणून हा क्रम. एवढे एकच भाकीत सामान्य माणसाने विश्वासाने करावे असे होते. बाकी सारे ढगांचे आकार.

या ढगांतही काही खरे पाणी असते, हे सांगितले पाहिजे. अलीकडच्या कॅमेऱ्यांत बिनतारी संदेशाची सोय असल्याने प्रत्येक नवे यंत्र विकण्यापूर्वी अनेक देशांच्या दूरसंचार खात्यांकडे नोंदवावे लागते. नाव गुप्त असले तरी संकेतांक नोंदला जातो आणि चाणाक्ष मंडळी तो हुडकून काढतात. यावरून 'काहीतरी' येणार एवढे निश्चित कळते. 'काय' ते कळत नाही. एकस्वाच्या अर्जांचे मोल याहूनही कमी, कारण कंपन्या शंभर कल्पनांची एकस्वे घेतात आणि त्यांतील मोजक्याच बाजारात आणतात. दुकानदारांकडे एखाद्या मॉडेलचा माल येणे बंद झाले, ही खूण त्यातल्या त्यात भरवशाची. आणि कंपनी गप्प का बसते? कारण नवे येणार असे तिने म्हटले की जुने विकले जात नाही. अमेरिकेतील ऑसबर्न ही संगणक कंपनी १९८३ साली बुडाली. पुढच्या मॉडेलची वाच्यता वेळेआधी केल्याने चालू मॉडेल पडून राहिले, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. तेव्हा कंपनीचे मौन हा तिचा स्वार्थ आहे, त्यातून शुभ वा अशुभ शकुन काढण्यात अर्थ नाही.

थांबण्याने कधीच लाभ होत नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. डी ६०० पहिल्याच आठवड्यात घेणाऱ्यांच्या सेन्सरवर डाग दिसू लागले, कंपनीला पुढे ते विनामूल्य दुरुस्त करून द्यावे लागले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये डी ६१० काढावा लागला. वर्षभर थांबलेल्यांचा तो त्रास वाचला. पण ही थांबण्याची रीत निराळी. तीत बाजारात आलेल्या वस्तूची पारख होऊ देण्यासाठी थांबावयाचे असते, आणि ती मुदत महिन्यांत मोजता येते.

या सहा वर्षांत आणखी एक गोष्ट घडत होती. ती डी ४०० च्या नादात बहुतेकांच्या नजरेआड राहिली. २०१० साली जगभरात बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. ते शिखर ठरले. भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांचे शिखर २०१२ साली आले, सुमारे दोन कोटी. त्यानंतर उतारच उतार, कारण घराघरांतल्या मोबाइलने कॅमेऱ्याचे काम उचलले. दरम्यान आरसा नसलेले कॅमेरे पुढे सरकत होते. २३ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे डी ३०० जाहीर झाल्याला बरोबर अकरा वर्षे पुरी झाली त्याच तारखेस, निकॉनने झेड ६ आणि झेड ७ हे आरसाविरहित कॅमेरे आणले आणि त्यांत १९५९ सालची खाच बाजूला ठेविली. २०२० साली अशा कॅमेऱ्यांचा पुरवठा एसएलआरपेक्षा अधिक झाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत आलेला डी ७८० आणि फेब्रुवारीतला डी ६, यांच्यानंतर निकॉनने नवा एसएलआर काढलेला नाही. कॅननच्या प्रमुखांनी डिसेंबर २०२१ मध्ये आपला सर्वोच्च एसएलआर आता शेवटचाच, असे सांगून टाकले. जुलै २०२२ मध्ये निकॉनविषयी तसेच वृत्त एका जपानी दैनिकाने दिले, तेव्हा कंपनीने ते तर्क असल्याचे म्हटले आणि उत्पादन, विक्री व सेवा चालू असल्याचे सांगितले. नवा कॅमेरा काढू, असे मात्र म्हटले नाही. रिको कंपनीच्या पेंटॅक्स नावाखाली तेवढे २०२१ नंतरही नवे एसएलआर निघाले.

म्हणजे डी ५०० हा आपल्या कुळातला शेवटचाच. त्याचा वारस येणार, अशी भाकिते २०१८ पासून पुन्हा सुरू झाली होती. त्याच मंडळींनी, त्याच हिरिरीने! तो आला नाही, आणि जपानात २०२२ साली डी ५०० चेही उत्पादन थांबल्याचे कळले.

काकांनी तो २०१६ च्या दिवाळीत घेतला. चित्रे सुरेख येतात. वढवाण्याला ते मोटारीने रस्ता संपेल तेथपर्यंत जातात, घडीची खुर्ची मांडून बसतात, आणि जे पक्षी जवळ येतील त्यांची चित्रे घेतात. थवा उठतो तो तलावाच्या पलीकडच्या अंगाला. २०१० ते २०१६ या हिवाळ्यांतील त्यांच्या अल्बमात डी ७० ची चित्रेच आहेत, ती थोडकीच. 'चांगला कॅमेरा आल्यावर नीट घेऊ' म्हणून त्या वर्षांत त्यांनी जुना कॅमेराही फारसा बाहेर काढला नव्हता, हे काकूंकडून आम्हांस कळले.

ज्या वाचकांच्या घरी निकॉनची जुनी भिंगे आहेत आणि जे आजही एसएलआर घेण्याचा विचार करीत आहेत, त्यांच्यासाठी एक-दोन व्यावहारिक गोष्टी. जुन्या एएफ आणि एएफ-डी भिंगांत स्वतःची मोटार नसते. कॅमेऱ्याच्या अंगातील मोटार त्यांना फिरविते. अशी भिंगे झेड कॅमेऱ्यांवर निकॉनच्या एफटीझेड जोडणीने बसतात खरी, पण नेम हातानेच धरावा लागतो. डी ७२००, डी ७५००, डी ५०० यांत ती मोटार आहे. डी ३५०० किंवा डी ५६०० या स्वस्त मालिकांत नाही. वापरलेला डी ५०० घेताना पडद्याची उघडझाप किती वेळा झाली तो आकडा विचारून घ्यावा. तो दोन लाखांसाठी पारखलेला आहे. त्यातील दोन खाचांपैकी एक एक्सक्यूडी पत्त्याची आहे. ते पत्ते आता सहज मिळत नाहीत, परंतु डिसेंबर २०२० मधील सुधारणेनंतर त्याच खाचेत सीएफएक्सप्रेस टाइप बी जातीचा पत्ता चालतो. ती सुधारणा कॅमेऱ्यात भरली आहे की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे.